स्पॅनिश शिकून काय होणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले की वैनगंगा ओलांडताच कारधा लागते. मुंबई-कोलकाता महामार्ग या गावाला लागूनच जातो. नदीवर दोन पूल आहेत. मोठ्या पुलावरून ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते. जुना लहान पूल पावसाळ्यात नदी फुगली की पाण्याखाली जातो. गावाभोवती धानाच्या बांध्या आहेत. अशा गावातल्या एका मुलीने मागच्या पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. तो ऐकून मी थोडा गोंधळलो, हे कबूल केले पाहिजे.

मुलगी भंडाऱ्याच्या महाविद्यालयातून इतिहास घेऊन बी. ए. झालेली. वडील माझे जुने विद्यार्थी. चार एकर धान, दोन म्हशी. दोघे घरी आले. वडील म्हणाले, "गुरुजी, हिले समजावून सांगा जी. आम्ही म्हणतो बी. एड. कर, हे म्हणते स्पॅनिशमध्ये एम. ए. करीन. थे स्पॅनिश शिकून पोट भरन का?" मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, मी दीड वर्षापासून मोबाइलवर शिकते आहे. मला ती भाषा जमते. पण पुढचे दोन-चार वर्षे आणि बाबांचे पैसे त्यात घालावेत का, हे मला कळत नाही. तुम्ही इतिहास शिकवला. इतिहासात असे कुणी केले आहे का?"

प्रश्न नोकरीचा होता, आणि मुलीने तो इतिहासाकडे वळवला. मी म्हटले, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे आठवले, जे पुन्हा वाचले, तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे.

पहिला माणूस आठवला तो आपल्याच विदर्भातला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्धा येथे, १८८४ सालचा. टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव पडलेल्या पिढीतले हे तरुण. देश स्वतंत्र करायचा तर लष्करी शिक्षण हवे, या ध्यासाने ते विशीत असतानाच परदेशी गेले. जपानमार्गे अमेरिकेला पोचले. तिथे लष्करी अकादमीत शिकले आणि शेतीशास्त्रही शिकले. वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयातले त्यांचे शिक्षण १९१३ साली पूर्ण झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला आणि खानखोजे त्याच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत येऊन लढले. उठाव फसला. मग बर्लिन, मग मॉस्को. मायदेशाचे दार बंद झालेले होते.

अशा अवस्थेत १९२४ साली हा माणूस मेक्सिकोला पोचला. वय चाळिशीचे. जवळ पैसा नाही, देशाचे पारपत्र नाही, आणि तिथली भाषा, म्हणजे स्पॅनिश, त्यांना नव्याने आत्मसात करायची होती. त्यांनी ती केली. राजधानीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. या विद्यालयाने एका जुन्या जमीनदारीच्या वाड्यात नुकतेच बस्तान बसवले होते. 'जमिनीचा उपयोग शिकवावा, माणसाच्या पिळवणुकीचा नव्हे' असे त्याचे ब्रीद. त्या वर्गात वर्ध्याचा हा मराठी माणूस मेक्सिकन शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत बीजशास्त्र शिकवू लागला. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंत्ले या गवताशी मक्याचा संकर करण्याचे त्यांचे प्रयोग गाजले.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खानखोजे यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. त्यांतल्या एका शाळेला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचे नाव होते. विद्यालयातल्या सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलून कदाचित भागलेही असते. खेड्यातल्या शेतकऱ्याशी मात्र भागले नसते. त्याच्या बांधावर बसून बोलायचे तर त्याचीच भाषा हवी. ती भाषा त्यांनी किती आपलीशी केली असेल, याची एक खूण मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९२८च्या सुमारास तिथे 'आपली भाकरी' या अर्थाच्या नावाचे भित्तिचित्र काढले. त्यात मेजाशी बसून भाकर मोडणारा जो माणूस दिसतो, तो म्हणजे आपले खानखोजे. परक्या देशाने आपल्या जेवणाच्या पंगतीत त्यांना मध्यावर बसवले.

देश स्वतंत्र झाल्यावरही जुन्या काळ्या यादीमुळे त्यांच्या येण्याला अडचणी आल्या. १९४९ साली ते आले ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारच्या निमंत्रणावरून, शेतीविषयक सल्ल्यासाठी. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे ते नागपूरला कायमचे स्थायिक झाले आणि १९६७ साली तिथेच वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ साली लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. विदर्भात मात्र आजही त्यांचे नाव विचारले तर दहांतले आठ जण गप्प राहतात.

ही हकीकत सांगितली तेव्हा वडिलांचे डोळे चमकले. मुलगी मात्र म्हणाली, "सर, पण खानखोजे यांनी स्पॅनिशमध्ये एम. ए. कुठे केले? ते तर शेतीशास्त्र शिकले होते." पोरगी बरोबर बोलली. इतिहासाकडून धडा घ्यायचा तर तो असा उलटून पाहूनच घ्यावा लागतो. खानखोजे यांच्या एका हातात शेतीशास्त्र होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी भाषा धरली. नुसती भाषा घेऊन ते चापिंगोला गेले असते तर त्यांना वर्गात कुणी उभे केले नसते. आणि नुसते शेतीशास्त्र घेऊन गेले असते तर वर्गात उभे राहून बोलले काय असते?

त्यांच्याआधी सात वर्षे, १९१७ साली, आणखी एक हिंदी क्रांतिकारक मेक्सिकोत पोचला होता. मानवेंद्रनाथ रॉय. त्यांनीही स्पॅनिश शिकून घेतली, त्या भाषेत लिहिले आणि १९१९ साली तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. हेच रॉय पुढे महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्यांना आपले वाटले. रॉय यांच्याही हातात भाषेखेरीज दुसरे काहीतरी होते. ते होते राजकारण.

आता दुसरे पांडुरंग. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर. जन्म १८९४चा. त्यांनी स्पॅनिशची सख्खी बहीण असलेल्या पोर्तुगीज भाषेतली गोव्याच्या दप्तरखान्यातली कागदपत्रे वर्षानुवर्षे चाळली आणि मराठ्यांच्या इतिहासाला एक नवी खिडकी उघडून दिली. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर आजही असतो. मराठ्यांविषयी मोडीत जे लिहिले गेले नाही, ते शत्रूच्या भाषेत लिहून ठेवलेले असते. शत्रू बारकाईने पाहत असतो, कारण त्याला भीती असते.

इथे इतिहासाच्या विद्यार्थिनीला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, जी शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तेव्हा गोवा, चौल आणि वसई ज्याच्या नावाने चालत होती तो राजा माद्रिदला बसत होता. स्पेनचा चौथा फिलिप. त्या काळातल्या पोर्तुगालच्या कारभाराची काही कागदपत्रे स्पेनमधल्या सिमांकास येथील जुन्या किल्ल्यात, तिथल्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. आपल्या कोकणच्या इतिहासाचा एक धागा असा थेट स्पेनपर्यंत जातो. स्पॅनिश येणाऱ्याला पोर्तुगीज वाचायला फार वेळ लागत नाही, हेही खरे. म्हणजे एका कष्टात दोन दप्तरखाने.

आता थोडे भाकरीविषयी, कारण वडिलांचा प्रश्न भाकरीचाच होता. स्पॅनिश आपल्याला परकी वाटते, पण आपल्या ताटात ती कधीचीच येऊन बसली आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, सीताफळ ही सारी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला आणि त्यानंतर स्पॅनिश व पोर्तुगीज गलबतांनी ही पिके जगभर पोचवली. आपण ज्या फळाला पेरू म्हणतो त्याच्या नावात दक्षिण अमेरिकेतला एक स्पॅनिशभाषक देशच आहे. तंबाखूसुद्धा तिकडचीच, आणि ज्या भंडारा-गोंदिया भागात बिडीवर हजारो घरांच्या चुली पेटल्या, त्याला हे वेगळे सांगायला नको. १९६५-६६च्या दुष्काळात देशात धान्याची ओरड झाली, तेव्हा १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. त्या वाणाचे नाव होते 'लर्मा रोहो'. हे स्पॅनिश नाव आहे, आणि त्यातल्या 'रोहो'चा अर्थ तांबडा. नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४पासून मेक्सिकोत जे गव्हाचे काम केले, त्यातला मोठा भाग चापिंगोच्या परिसराशी जोडलेला होता. त्याच चापिंगोत खानखोजे त्याआधी वीस वर्षांपासून शिकवत होते.

साहित्याची कथा निराळी. रवींद्रनाथांच्या कविता स्पॅनिशमध्ये नेल्या त्या झेनोबिया काम्प्रुबी आणि त्यांचे पती, पुढे १९५६ साली नोबेल मिळवणारे कवी हुआन रामोन हिमेनेथ यांनी. त्यांची सुरुवात १९१५ साली झाली. पण हे भाषांतर बंगालीवरून नव्हते, इंग्रजीवरून होते. उलट दिशेनेही तेच. लॉर्काच्या 'येर्मा'वरून मराठी रंगभूमीवर 'चांगुणा' आले आणि गाजले. मार्केझ, नेरुदा, बोर्हेस ही नावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. पण बहुतेक वेळा हे लेखक आपल्याकडे इंग्रजीच्या अंगणातून आले. मूळ स्पॅनिश समोर ठेवून थेट मराठीत आणणारी माणसे आजही मोजकी आहेत. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पाझ १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत राजदूत होते. १९६८ साली त्यांच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या म्हणून त्यांनी पद सोडले. भारतावर त्यांनी जे लिहिले ते त्यांच्या भाषेत किती जणांनी वाचले? दोन मोठ्या भाषा शतकभर एकमेकींशी बोलत आल्या, पण मध्ये कायम एक दुभाषी उभा. तो बाजूला करण्याचे काम शिल्लक आहे.

मुलीने मग विचारले, "सर, पण मराठी माध्यमातल्या पोरीला हे जमेल का?" याचे उत्तर देताना मला आनंद झाला. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला जे अवघड जाते, त्यातले बरेच आपल्याला घरचेच आहे. 'मला आंबा आवडतो' हे वाक्य घ्या. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', म्हणजे 'मला आवडतो', आणि कर्ता आंबाच. मराठीची नि स्पॅनिशची वाक्यरचना इथे गळ्यात गळा घालून चालते. चांगला-चांगली असे विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, तसे तिकडेही बदलते. मित्राला 'तू' आणि मोठ्यांना आदराचे वेगळे सर्वनाम, हेही तिकडे आहे. आपल्यासारखेच 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून. घरी झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेल्या कारध्याच्या मुलीला पाचवी भाषा म्हणजे काही डोंगर नव्हे.

एवढे सांगितल्यावर व्यवहाराचे सांगणे माझे कर्तव्य होते. ते मी वडिलांसमोरच सांगितले, कारण पैसा त्यांचा जाणार होता.

पहिली गोष्ट, स्पॅनिशमधले एम. ए. हे भाषा शिकण्याचे शिक्षण नाही. ते साहित्य, भाषाशास्त्र, भाषांतर, इतिहास यांचे शिक्षण आहे आणि ते त्या भाषेत चालते. भाषा आधी आलेली असावी लागते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पदवीपासूनच स्पॅनिश शिकवतात आणि मग एम. ए. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठातही सोय आहे. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या मुलीने आधी प्रमाणपत्र, पदविका या पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरी गोष्ट, आपली पातळी किती, हे आपण सांगून चालत नाही. स्पेनच्या सर्व्हांतेस संस्थेची सहा पायऱ्यांची परीक्षा असते. तिची चौथी पायरी चढल्याशिवाय पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करू नये, असे माझे मत. तिसरी गोष्ट, नोकरी. स्पॅनिश सुमारे वीस देशांची राजभाषा आहे आणि जवळजवळ ५० कोटी लोकांची मातृभाषा. त्यामुळे कंपन्यांत, भाषांतरात, पर्यटनात काम मिळते. पण त्या कामाला चांगली भाषा पुरते, एम. ए. लागतेच असे नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. आणि नेट हवे. नेटच्या विषयांत स्पॅनिश आहे, पण पदे फार थोडी आहेत, आणि त्यांतली आपल्या गावापासून जवळ जवळपास नाहीतच. यंत्रे आता साधे भाषांतर क्षणात करतात. त्यामुळे नुसत्या शब्दाला शब्द ठेवणाऱ्याचे दिवस संपत आले आहेत, हेही मी लपवले नाही.

मग मी तिला विचारले, "तुझ्या दुसऱ्या हातात काय आहे?" खानखोजे यांच्या हातात शेतीशास्त्र होते, रॉय यांच्या हातात राजकारण, पिसुर्लेकरांच्या हातात इतिहास. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "इतिहास आहे, सर. आणि धानही आहे."

हे उत्तर मला आवडले. मी म्हटले, मग घाई करू नकोस आणि सोडूनही देऊ नकोस. एक वर्ष स्वतःची परीक्षा घे. खानखोजे यांच्या वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. संसदेच्या कायद्याने १९९७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात विदेशी भाषांमध्ये स्पॅनिशही शिकवली गेली आहे. यंदा कोणता अभ्यासक्रम चालू आहे ते तिथे जाऊन विचार. वर्षभरात एक स्पॅनिश पुस्तक शब्दकोश घेऊन शेवटपर्यंत वाच. त्यातले दहा पानांचे मराठी भाषांतर करून मला दाखव. ते करताना रात्री जागरण झाले आणि सकाळी कंटाळा आला नाही, तर दिल्लीचा अर्ज भर. कंटाळा आला तर भाषा तुझीच राहील, फक्त पदवी दुसऱ्या विषयाची घे. दोन्ही वेळा नुकसान नाही. नुकसान होते ते नुसत्या हौसेवर कर्ज काढण्यात, किंवा नुसत्या भीतीने घरी बसण्यात.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्या खानखोजेंच्या घरच्यांनी त्याईले जाऊ कसं दिलं जी?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी एवढेच म्हटले की, जे गेले ते परत येतील याची खात्री त्या घरात कुणालाच नव्हती, तुमची मुलगी मात्र वर्ध्याहून दर शनिवारी येऊ शकेल.

ते हसले. उठता उठता म्हणाले, "रोवणी आटपली का जाऊन येतो दोघंही." त्या वर्षी रोवणी वेळेवर आटोपली. पुढच्या सोमवारी बापलेक मोठ्या पुलावरून भंडाऱ्याकडे आणि तिथून वर्ध्याकडे गेले. मुलीच्या पिशवीत मार्कशीट होती, आणि दीड वर्षात भरलेल्या स्पॅनिश शब्दांच्या दोन वह्या होत्या. एम. ए.चे अजून ठरलेले नाही. वह्या मात्र आता चार झाल्या आहेत.